कानाच्या मापाने ध्वनियंत्रणा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी आलेल्या पत्रांत एक तक्रार पुन्हापुन्हा दिसली : मीटरवर सगळं बरोबर आहे, तरी ऐकायला बरोबर वाटत नाही. अशा वेळी बहुधा कानच खरा असतो. मीटर ध्वनीचा दाब मोजतो. कान त्या दाबाचा अर्थ लावतो, आणि त्याचे नियम बऱ्यापैकी ठाऊक झालेले आहेत. ते नियम आराखड्यात सुरुवातीलाच धरले तर पुढचा बराच त्रास वाचतो.

प्रश्न : आम्ही एक संगीत-ॲप बनवतो आहोत. आवाजाची पट्टी तळाशी जराशी हलवली तरी आवाज एकदम वाढतो आणि वरच्या अर्ध्या भागात कितीही सरकवली तरी फरक जाणवत नाही. कोडमध्ये चूक सापडत नाही.

पट्टीची किंमत तुम्ही थेट ध्वनीच्या नमुन्यांना (लहरीचे सेकंदाला हजारो वेळा घेतलेले आकडे) गुणता आहात, असं दिसतं. पट्टी अर्ध्यावर आली की गुणक ०.५ होतो, म्हणजे पातळी फक्त ६ डेसिबलने उतरते. कानाला आवाज निम्मा वाटायला मात्र सुमारे १० डेसिबलची उतरण लागते, म्हणजे गुणक ०.३२ च्या आसपास. पट्टी दहा टक्क्यांवर येते तेव्हा कुठे २० डेसिबल उतरतात. त्याखालचा शांततेपर्यंतचा सगळा पल्ला उरलेल्या दहाव्या हिश्शात कोंबला जातो.

सोपा उपाय म्हणजे पट्टीच्या किमतीचा (० ते १) घन करून तो गुणक म्हणून वापरणं. अर्ध्यावर १८ डेसिबल उतरतात आणि हात जितका हलतो तितका आवाज बदलल्यासारखा वाटतो. जास्त नेमकेपणा हवा असेल तर पट्टी डेसिबलमध्येच आखा : हेडफोनसाठी ६० डेसिबलचा पल्ला, गोंगाटात वापरायच्या छोट्या स्पीकरसाठी ४० पुरतो. या पद्धतीत तळाला आवाज पूर्ण बंद होत नाही, म्हणून तळाच्या पाच-दहा टक्क्यांत गुणक सरळ रेषेने शून्यावर आणावा लागतो.

दोन गोष्टी तपासा. फोनच्या प्रणालीने आपल्या पट्टीला आधीच असा वक्र दिलेला असेल आणि त्याच पट्टीवर तुम्ही पुन्हा घन लावलात, तर खालचा अर्धा भाग मुका होतो. शिवाय गुणक एका झटक्यात बदलला तर चरचर ऐकू येते. नव्या किमतीपर्यंत २० ते ५० मिलिसेकंदांत हळूहळू न्या.

प्रश्न : आवाज कमी केला की तेच गाणं पातळ, खर्ज गेल्यासारखं वाटतं. जुन्या ॲम्प्लिफायरवर ‘लाउडनेस’ नावाचं बटण असायचं. ते पुन्हा बनवायचं तर किती वाढ द्यायची?

कानाची खालच्या स्वरांबद्दलची संवेदना पातळीनुसार बदलते. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं. आज आयएसओ २२६ या मानकातले वक्र वापरतात. त्यांच्या २००३ च्या आवृत्तीनुसार १००० हर्ट्झच्या ८० डेसिबल स्वराइतकाच मोठा वाटायला ५० हर्ट्झचा स्वर सुमारे १०२ डेसिबल लागतो, म्हणजे २२ डेसिबल जास्त. हीच तुलना ४० डेसिबलवर केली तर ५० हर्ट्झला सुमारे ७८ लागतात, म्हणजे ३८ जास्त. सगळा आवाज सारखाच ४० डेसिबलने खाली आणला की ५० हर्ट्झचा खर्ज कानाच्या हिशेबाने १६ डेसिबलने मागे पडतो. गाण्यात काही बिघडलेलं नसतं.

या वक्रांवरून कामाचा हिशेब असा निघतो : आवाज जितके डेसिबल खाली जाईल, त्यातल्या प्रत्येक डेसिबलमागे ५० हर्ट्झला ०.४, १०० हर्ट्झला ०.३ आणि २०० हर्ट्झला ०.२ डेसिबलची भर. एक मंद चढाचा शेल्फ फिल्टर (ठरावीक वारंवारतेखालचं सगळं उचलणारा) हे बऱ्यापैकी साधतो. वरच्या टोकाला हा बदल थोडाच असतो. जुन्या बटणांतली वरच्या स्वरांची ठसठशीत वाढ आम्ही तरी घालणार नाही.

ते बटण बदनाम झालं ते वेगळ्या कारणाने. त्याला फक्त नॉबची जागा कळायची. खोलीत प्रत्यक्ष किती डेसिबल आहेत हे कळायचं नाही. स्पीकर बदलला, की भर चुकीच्या जागी सुरू. म्हणून आधी शून्य ठरवा : पूर्ण पातळीच्या (डिजिटल संकेताची कमाल मर्यादा) २० डेसिबल खालचा पिंक नॉइज (सर्व सप्तकांत सारखी ऊर्जा असलेला गोंगाट) वाजवा, ऐकण्याच्या जागी मीटर धरा आणि ८० डेसिबल दिसतील ती नॉबची जागा नोंदवून ठेवा. मीटर ‘सी’ मापावर हवा (‘ए’ आणि ‘सी’ ही वारंवारतेनुसार कमी-जास्त वजन देणारी मापं). ‘ए’ माप ५० हर्ट्झला ३० डेसिबल कापतं. भर त्या जागेच्या खालीच द्यायची.

हे वक्र शांत खोलीत, एकेकट्या शुद्ध स्वरांवर मोजलेले आहेत. संगीतावर पूर्ण भर दिली तर गढूळ वाटतं. वरच्या आकड्यांच्या निम्म्यापासून सुरुवात करा आणि दोन तृतीयांशांच्या पुढे शक्यतो जाऊ नका. डिजिटल साखळीत आधी आवाज कमी करायचा, मग फिल्टर लावायचा. क्रम उलटला तर पूर्ण पातळीच्या गाण्यावर १६ डेसिबलची भर पडते आणि लहरीचे कमाल मर्यादेबाहेर गेलेले माथे कापले जातात.

प्रश्न : चार सेंटिमीटरच्या स्पीकरचं एक छोटं उपकरण बनवतो आहे. इक्वलायझरने खर्ज वाढवला की स्पीकर फडफडतो आणि सगळाच आवाज फाटतो. मोठा स्पीकर बसवायला जागा नाही. काही मार्ग आहे का?

आहे, पण इक्वलायझरचा नाही. तेवढाच दाब निर्माण करायला वारंवारता निम्मी झाली की पडद्याला चौपट सरकावं लागतं. २०० हर्ट्झवरून ५० वर यायचं तर सोळापट. चार सेंटिमीटरच्या पडद्याला तेवढी जागाच नसते.

इथे कानाचा एक गुण मदतीला येतो. कोणत्याही स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेची हार्मोनिक वाजत असतात. मूळ स्वर काढून टाकला आणि ही हार्मोनिक ठेवली तरी कानाला मूळ स्वराचीच उंची ऐकू येते. टेलिफोनच्या जुन्या तारेतून ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढंच जात असे. पुरुषी आवाजाचा मूळ स्वर १००–१२० हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे तो तारेतून येतच नव्हता. तरी पलीकडे पुरुष बोलतो आहे हे सहज कळायचं. ५० हर्ट्झ वाजवण्याऐवजी १५०, २०० आणि २५० वाजवा. त्यांच्यातलं ५० चं अंतर मेंदू ओळखतो.

मांडणी अशी करा. मुख्य मार्गावर स्पीकर खरोखर जिथून वाजतो तिथे हाय-पास फिल्टर (त्याखालचं अडवणारा) लावा. समजा १५० हर्ट्झ, प्रति सप्तक २४ डेसिबल. नुसत्या या फिल्टरनेही फडफड थांबते. दुसऱ्या मार्गावर डावं-उजवं एकत्र करून ५० ते १५० हर्ट्झचा पट्टा वेगळा काढा, त्यातून हार्मोनिक तयार करा, त्यांना १५० ते ५०० हर्ट्झच्या पट्ट्यात कापून मुख्य मार्गात मिसळा.

घोळ होतो तो हार्मोनिक तयार करण्याच्या टप्प्यावर. बहुतेक जण रेक्टिफायर (लहरीची उणे बाजू उलटवणारी किंवा काढून टाकणारी क्रिया) लावतात, कारण ते एका ओळीचं काम आहे. पण पूर्ण-तरंग रेक्टिफायरमधून फक्त सम हार्मोनिक निघतात, आणि अर्ध-तरंगमधून मूळ स्वर अधिक सम हार्मोनिक. मूळ स्वर पुढे फिल्टरमध्ये कापला जातोच, म्हणजे दोन्हीकडे दुप्पट, चौपट, सहापट एवढंच उरतं. त्यांच्यातलं अंतर मूळ वारंवारतेच्या दुप्पट असतं, आणि कान इमानेइतबारे एक सप्तक वरचा स्वर ऐकतो. मग ‘खर्ज आला पण बेसूर वाटतो’ अशी तक्रार येते. सम आणि विषम दोन्ही लागतात, शेजारशेजारची.

त्यासाठी चेबिशेव्ह बहुपदी (शुद्ध तरंगातून नेमकं हवं ते हार्मोनिक काढणारी सूत्रं) सोयीच्या. येणारा संकेत ‘क्ष’ हा एक एककाच्या उंचीचा (म्हणजे +१ ते −१ मध्ये हलणारा) शुद्ध तरंग असेल, तर

तिसरं हार्मोनिक = ४ × (क्षचा घन) − ३ × क्ष
चौथं हार्मोनिक = ८ × (क्षचा चौथा घात) − ८ × (क्षचा वर्ग) + १
पाचवं हार्मोनिक = १६ × (क्षचा पाचवा घात) − २० × (क्षचा घन) + ५ × क्ष

सुरुवातीला तिसरं पूर्ण, चौथं ३ डेसिबल खाली, पाचवं ६ डेसिबल खाली ठेवा. त्यापुढची हार्मोनिक घातली तर आवाज भसाडा होतो.

‘एक एककाच्या उंचीचा’ ही अट महत्त्वाची आहे. घात चढवल्यामुळे आत येणारी पातळी १० डेसिबलने उतरली की घनाची ३० ने उतरते, आणि मंद वाजणारा खर्ज गायबच होतो. म्हणून आधी संकेताचं आवरण (त्याच्या चढत्या-उतरत्या पातळीची बाह्यरेषा) मोजा (चढ ५ मिलिसेकंदांच्या, उतार १०० च्या आसपास), संकेताला त्याने भागा, बहुपदी लावा, मग त्याच आवरणाने पुन्हा गुणा. आवरण जवळजवळ शून्य असेल तेव्हा भागाकार गोंगाट उचलून आणतो. भाजकाला एक किमान मर्यादा ठेवा.

आणखी एक बारकावा आहे, आणि तयार उत्पादनांतला फरक बऱ्याचदा इथेच पडतो. ५० हर्ट्झला ‘४० इतका मोठा’ पासून ‘८० इतका मोठा’ पर्यंत (म्हणजे १००० हर्ट्झच्या तेवढ्या डेसिबलच्या स्वराइतका) जायला साधारण २४ डेसिबलच लागतात; १०० हर्ट्झला २८ आणि २०० ला ३२ हून थोडे जास्त. म्हणजे खर्जाची चढउतार वरच्या पट्ट्यात आणताना ती ताणावी लागते, नाहीतर ढोलाचा ठोका सपाट लागतो. गुणताना आवरणाचा १.२ ते १.३ घात वापरा.

दोन स्वर एकदम आले, उदाहरणार्थ ५५ आणि ८२ हर्ट्झ, तर बहुपदी त्यांच्या बेरजा-वजाबाक्याही निर्माण करते आणि चिखल होतो. ५०–८० आणि ८०–१५० असे दोन पट्टे करून प्रत्येकाला वेगळी बहुपदी लावली की त्रास बराच कमी होतो, पूर्ण जात नाही. ओव्हरसॅम्पलिंगची (नमुन्यांचा दर तात्पुरता वाढवण्याची) गरज नाही, कारण सगळं ७५० हर्ट्झच्या आत घडतं. आणि छातीत जाणवणारा धक्का यातून मिळणार नाही. तो हवेच्या प्रत्यक्ष हालचालीचा असतो.

प्रश्न : व्याख्यानांचे ध्वनिमुद्रण एमपी३ मध्ये साठवतो, संपादन करून पुन्हा एमपी३ करतो आणि शेवटी व्हिडिओबरोबर एएसी (एमपी३ सारखाच दाबलेला प्रकार) होतं. प्रत्येक टप्प्यावर १२८ किलोबिट ठेवूनही शेवटी टाळ्या फिसकटतात आणि ‘स’ खरखरतो. असं का?

सीडीच्या दर्जाचा ध्वनी सेकंदाला १४११ किलोबिट घेतो. १२८ म्हणजे त्याचा अकरावा हिस्सा. उरलेलं टाकताना एन्कोडर (ध्वनी दाबून फाइल लहान करणारा प्रोग्राम) मास्किंगचा आधार घेतो : मोठा स्वर आपल्या वारंवारतेच्या आसपासचा बारीक आवाज झाकतो. हे झाकणं ज्या पट्ट्यांत चालतं त्यांची रुंदी ५०० हर्ट्झच्या खाली साधारण १०० हर्ट्झ आणि वर मध्य वारंवारतेच्या सुमारे २० टक्के असते. एन्कोडर प्रत्येक पट्ट्यात किती गोंगाट लपेल हे काढतो आणि त्या काठापर्यंत भरतो. चांगल्या एन्कोडरने बनवलेल्या फाइलमध्ये शिल्लक जागा उरतच नाही.

आता दुसरा एन्कोडर येतो. त्याला पहिल्याचा गोंगाट हा मूळ ध्वनीचाच भाग वाटतो, आणि तो स्वतःचा थर त्यावर चढवतो. सारख्या पातळीचे दोन गोंगाट मिळून ३ डेसिबल वाढतात, तीन मिळून जवळपास ५. पहिलाच काठावर होता, म्हणून ही वाढ सरळ ऐकू येते.

टाळीचं कारण वेगळं. एमपी३ ची लांब खिडकी (एका वेळी हाताळायचा ध्वनीचा तुकडा) ११५२ नमुन्यांची, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झला २६ मिलिसेकंदांची असते, आणि त्या खिडकीतला गोंगाट तिच्या पूर्ण लांबीभर पसरतो. टाळी खिडकीच्या शेवटी पडली तर गोंगाट टाळीच्या आधीच सुरू होतो. मोठ्या आवाजानंतर कान १०० ते २०० मिलिसेकंद बधिर राहतो, पण आवाजाआधीचं मास्किंग व्यवहारात पाचेक मिलिसेकंदांचंच असतं. उरलेला गोंगाट ‘फस्स’ असा पुढे येतो. एन्कोडर अशा जागी सुमारे ९ मिलिसेकंदांच्या छोट्या खिडक्यांवर जातो, पण त्यांना बिट जास्त लागतात. टाळ्यांचा कडकडाट सुरू झाला की १२८ मध्ये ते पुरत नाहीत.

मुद्रण वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये (काहीही न टाकणाऱ्या फाइल-प्रकारांत) करा, संपादन त्यातच करा, एन्कोडिंग एकदाच, सगळ्यात शेवटी. हाती एमपी३ च आली असेल तर ती एकदा उघडून वेव्ह करा आणि शेवटचं एएसी १९२ किंवा त्याहून जास्त ठेवा. नुसती काटछाट करायची असेल तर फ्रेमच्या (एमपी३ फाइलमधल्या छोट्या खंडांच्या) सीमेवर कापणारी साधनं मिळतात. त्यांत पुन्हा एन्कोडिंग होत नाही. एकट्या वक्त्याचं मुद्रण मोनो ठेवलंत तर त्याच बिटांत दर्जा स्पष्ट वाढतो. एन्कोडिंगआधी ट्रू पीक (नमुन्यांच्या मधलाही धरून लहरीचा खरा माथा) −१ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. भरलेला गोंगाट माथे थोडे उंचावतो आणि ते डीकोड होताना कापले जातात.

प्रश्न : निवेदनाखाली संगीत ठेवलं की शब्द कळत नाहीत. संगीत इतकं कमी केलं की ते असून नसल्यासारखं होतं. मधला मार्ग?

संगीताची सगळी पातळी एकसारखी उतरवू नका. शब्द कळतात ते मुख्यतः व्यंजनांमुळे, आणि व्यंजनांची ओळख पटवणारा बराच भाग १ ते ४ किलोहर्ट्झमध्ये असतो. निवेदनाच्या संकेतावर चालणारा डायनॅमिक इक्वलायझर संगीतावर बसवा आणि बोलणं सुरू असताना एवढाच पट्टा ४ ते ६ डेसिबल खाली आणा. ही कपात लागू व्हायला (चढ) १०–२० मिलिसेकंद, सुटायला (उतार) ३००–५०० मिलिसेकंद. उतार याहून जलद ठेवला तर दोन शब्दांच्या मधे संगीत उसळी मारतं आणि लक्ष तिकडे जातं.

मास्किंग खालून वर जास्त पसरतं, आणि पातळी वाढली की आणखी. जाड खर्ज वरची व्यंजनं झाकतो, हे लोकांच्या चटकन लक्षात येत नाही. संगीतातला १५०–३०० हर्ट्झचा भाग दोन-तीन डेसिबल उतरवून पाहा.

निवेदन मध्ये आणि संगीत दोन्ही बाजूंना पसरलेलं ठेवलं की दोन कान मिळून ते वेगळे काढतात. फोनच्या एकाच स्पीकरवर हा फायदा शून्य होतो, म्हणून शेवटचा निर्णय मोनोत ऐकून घ्या. ऐकण्यात अडचण असणाऱ्यांसाठी मोजमाप हवं असेल तर वेब-सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी नियमावलीतली सर्वांत कडक पातळी पार्श्वध्वनी निवेदनापेक्षा २० डेसिबल खाली ठेवायला सांगते.

प्रश्न : लांबलचक सभागृहात मागच्या लोकांसाठी मधे जादा स्पीकर लावले. आता मागे बसलेल्यांना वक्ता डोक्यावरच्या स्पीकरमधून बोलतोय असं वाटतं, आणि काही जागी शब्द दुहेरी येतात.

जादा स्पीकरला विलंब दिलेला नाही, किंवा कमी दिला आहे. एकच आवाज दोन ठिकाणांहून थोड्या अंतराने आला तर कान जो आधी पोचतो त्याची दिशा धरतो. नंतरचा आवाज ५ ते ३० मिलिसेकंदांत आला तर तो वेगळा ऐकू येत नाही, पहिल्याला बळ देतो, आणि १० डेसिबलपर्यंत मोठा असला तरी दिशा पहिल्याचीच राहते. हेल्मुट हास यांचं १९४९ चं काम याच विषयावरचं.

समजा एका खुर्चीपासून मुख्य स्पीकर २० मीटरवर आहे आणि जादा स्पीकर ४ मीटरवर. फरक १६ मीटर. २० अंश सेल्सिअसला ध्वनी सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे ४७ मिलिसेकंद. त्यात १० ते १५ मिळवा. विलंब ६० च्या आसपास ठेवा. ही मिळवणी करायला लोक विसरतात. नेमके ४७ ठेवले तर दोन्ही आवाज एकदम पोचतात, दिशा दोघांच्या मधे डळमळते आणि आवाज पोकळ होतो. मिळवणी ३० च्या पुढे गेली की बोलणं दुहेरी होऊ लागतं.

पातळी मुख्य आवाजापेक्षा ४ ते ६ डेसिबल जास्त पुरते. डिजिटल मिक्सर आणि बिनतारी दुवा यांचा स्वतःचा विलंब असतो, तो मोजून हिशेबात धरा. दोन्ही स्पीकरांचे मार्ग वेगळे असतील तर आकडे जुळत नाहीत. तापमान ३५ अंशांवर गेलं तर ध्वनीचा वेग ३५२ मीटर होतो. १६ मीटरच्या फरकाला त्याने सव्वा मिलिसेकंद बदलतो, सोडून द्या. ६० मीटरला चार मिलिसेकंदांहून जास्त बदलतो, तिथे विलंब पुन्हा लावा.

शेवटी सगळ्या रांगांतून चालत फिरा. आधी बोलणं वाजवा, मग टिचकी. टिचकीसारख्या टोकदार आवाजाला कान फारच कमी सूट देतो, दहा मिलिसेकंदांच्या आतही ती दुहेरी ऐकू येऊ शकते. त्यामुळे फट कुठे आहे हे तिच्यावर आधी कळतं. पण विलंब ठरवा तो बोलण्यावर.

प्रश्न : आमच्या यंत्राच्या इशाऱ्यासाठी ३ किलोहर्ट्झचा पिझो बझर (विजेने थरथरणाऱ्या चकतीचा भोंगा) आहे. आवाज कर्णकर्कश आहे, तरी कुठून येतो ते कळत नाही आणि वयस्कर माणसांना तो ऐकूच येत नाही.

दिशा ओळखताना कान सुमारे १५०० हर्ट्झच्या खाली दोन कानांतल्या वेळेचा फरक वापरतो. बऱ्याच वरच्या स्वरांना डोक्याची सावली पडते, तिथे पातळीचा फरक कामाला येतो. १.५ ते ३ किलोहर्ट्झमध्ये दोन्ही खुणा दुबळ्या. त्यात एकच सलग स्वर असला की खोलीतल्या परावर्तनांनी गोंधळ पूर्ण होतो. आणि वयानुसार ऐकणं वरच्या टोकापासून कमी होत जातं.

बऱ्याच वारंवारता एकत्र हव्यात. वैद्यकीय यंत्रांच्या इशाऱ्यांसाठीचं आयईसी ६०६०१-१-८ मानक २००६ च्या आवृत्तीत मूळ स्वर १५० ते १००० हर्ट्झमध्ये आणि ३०० ते ४००० मध्ये किमान चार हार्मोनिक मागतं. झोपलेल्या माणसाला उठवण्यासाठी अमेरिकेतली एनएफपीए ७२ संहिता ५२० हर्ट्झची चौकोनी लहर (मूळ स्वराबरोबर त्याची विषम हार्मोनिक असलेली) सांगते. सलग स्वराऐवजी १५०–२०० मिलिसेकंदांचे ठोके द्या. प्रत्येक सुरुवात कानाला दिशेची नवी खूण देते. चढ १० मिलिसेकंदांच्या आसपास ठेवा, म्हणजे दचकायला होत नाही.

त्याच पिझोला ५२० हर्ट्झ देऊन भागणार नाही. तो आपल्या अनुनादाजवळच वाजतो, म्हणजे २६०० आणि ३६४० चीच हार्मोनिक ऐकू येतील आणि खालचं काही नाही. कॉइलचा छोटा स्पीकर बसवावा लागेल. पातळी आसपासच्या गोंगाटापेक्षा ‘ए’ मापाने १५ डेसिबल वर. हा निकष आयएसओ ७७३१ चा.

प्रश्न : हेडफोनवर त्रिमितीय ध्वनीचा प्रयोग करतो. समोरचा आवाज बहुतेकांना मागून किंवा डोक्यातून येतो.

अगदी समोर आणि अगदी मागे या दोन्ही ठिकाणांहून दोन्ही कानांना वेळ आणि पातळी सारखीच मिळते. फरक सांगते ती कानाची पाळी, मुख्यतः ५ किलोहर्ट्झच्या वर, आणि प्रत्येकाची पाळी वेगळी. दुसऱ्याच्या कानाचं मोजमाप वापरलं की खुणा चुकतात. खऱ्या जगात माणूस डोकं किंचित वळवून खात्री करून घेतो. म्हणून डोक्याचा मागोवा घेणं हा सगळ्यांत गुणकारी उपाय. हालचालीपासून आवाज बदलेपर्यंतचा एकूण विलंब ६० मिलिसेकंदांच्या आत हवा. ब्लूटूथच्या दुव्यालाच बहुधा त्याहून जास्त लागतात, तेव्हा दिशेची शेवटची दुरुस्ती हेडफोनच्या आतल्या चिपमध्ये करा. मागोवा शक्य नसेल तर खोलीची सुरुवातीची काही परावर्तनं मिसळा. आवाज निदान डोक्याबाहेर येतो.

प्रश्न : दोन एन्कोडरांतला चांगला कोणता हे ऐकून ठरवायचं आहे. चमूत रोज वाद होतात.

आधी पातळी जुळवा. अर्ध्या डेसिबलने मोठा असलेला तुकडा ‘मोठा’ वाटत नाही, ‘जास्त स्पष्ट’ वाटतो, आणि वाद तिथून सुरू होतो. दोन्ही डीकोड केलेल्या फाइलींची सरासरी पातळी ०.१ डेसिबलच्या आत आणा. दोन उपकरणांची तुलना असेल तर १ किलोहर्ट्झचा स्वर लावून टोकांवरचा व्होल्टेज जुळवा, ०.१ डेसिबल म्हणजे साधारण १.२ टक्के.

मग एबीएक्स चाचणी घ्या : अ, ब, आणि यांपैकीच एक असलेला गुप्त क्ष. क्ष कोणता ते सांगायचं. तुकडे ५ ते १० सेकंदांचे ठेवा, कारण ध्वनीचे बारकावे स्मृतीत फार टिकत नाहीत. अदलाबदल तत्काळ व्हावी, आणि दोन्ही फाइली एकेका नमुन्यापर्यंत अचूक जुळलेल्या असाव्यात. एन्कोडर सुरुवातीला काही नमुन्यांची शांतता घालतो. ती कापली नाही तर ऐकणारा दर्जा न ऐकता उडी ऐकतो आणि सगळी उत्तरं बरोबर देतो.

सामग्री अवघड निवडा : कॅस्टानेट, ग्लॉकनश्पील, हार्प्सिकॉर्ड, जवळून मुद्रित केलेलं बोलणं. युरोपीय प्रसारण संघाची एसक्यूएएम ही चाचणी-तबकडी अशाच तुकड्यांची आहे. दाट वाद्यवृंदावर मास्किंग इतकं असतं की वाईट एन्कोडरही सुटून जातो.

१६ फेऱ्यांत १२ बरोबर आली तर नुसत्या अंदाजाने तसं होण्याची शक्यता ३.८ टक्के. १४ आली तर ०.२ टक्के. फेऱ्यांची संख्या आधीच ठरवून लिहून ठेवा. आकडा मनासारखा आल्यावर थांबलं तर हे टक्के लागू होत नाहीत. आणि १६ पैकी ९ आली म्हणून फरक नाही असं सिद्ध होत नाही, एवढंच कळतं की या तुकड्यावर, या ऐकणाऱ्याला, या हेडफोनवर तो सापडला नाही. अशा वेळी तुकडा बदलून नव्याने १६ फेऱ्या घ्या.